डॅफ्नियाच्या आतड्याचा सामू ४.१ आला, तर आधी काय तपासायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी डॅफ्निया मॅग्ना या पाणपिसूच्या पिल्लांना फ्लुरोसीन (हिरवा चमकतो, आम्लात मंदावतो) आणि टॅम्रा (लाल चमकतो, सामूने बदलत नाही) हे दोन रंग बसवलेले पॉलिअॅक्रिलामाइडचे नॅनोसेन्सर, म्हणजे अतिसूक्ष्म कण, पाजले. कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर हिरव्या आणि लाल उजेडाचं गुणोत्तर काढलं. आतड्याच्या पुढच्या भागात पीएच ६.५ आला, शेवटच्या भागात ४.१. गाईड म्हणतात, इतकं आम्ल शक्य नाही; विद्यार्थिनी म्हणते, तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच आलं. कोणाचं खरं?

तीन वेळा तेच आलं याचा अर्थ तुमचा हात स्थिर आहे, आणि ही चांगली गोष्ट आहे. पण चूक पद्धतीत असेल तर तीही तितक्याच इमानाने तीन वेळा येते. म्हणून ४.१ प्रबंधात आत्ताच लिहू नका. तुम्ही सामू मोजलेला नाही, दोन रंगांच्या उजेडाचं गुणोत्तर मोजलं आहे. (मातीपरीक्षणाच्या अहवालात ज्याला सामू म्हणतात तोच हा पीएच, मी दोन्ही शब्द वापरेन.) त्या गुणोत्तरात सामू असतो, तसंच प्राण्याने सकाळी खाल्लेलं शेवाळ असतं, त्याच्या अंगातलं रक्त असतं, आणि सेन्सर नेमका कुठे जाऊन बसला तेही असतं. बारा वर्षं हे काम केल्यावर माझं मत असं झालं आहे की या तंत्रात सेन्सर बनवणं हा सोपा भाग आहे. प्राण्याच्या पोटात गेल्यावरही सेन्सर तीच भाषा बोलतो आहे हे दाखवणं हा अवघड भाग.

आधी अपेक्षा काय ठेवायची ते बघू. डॅफ्नियाला जठर नाही. आखूड अन्ननलिका, लांब मध्य आतडं, आखूड पश्च आतडं, आणि डोक्याजवळ मध्य आतड्याला फुटलेल्या दोन वाकड्या पिशव्या, एवढीच रचना. डॅफ्नियाचे अभ्यासक वर्षानुवर्षं जे आकडे वापरतात ते असे: आतड्याच्या पुढच्या भागात सामू ६ ते ६.८, मागच्या भागात ६.६ ते ७.२. म्हणजे पुढे किंचित आम्ल आणि मागे जवळजवळ उदासीन. तुमचं चित्र याच्या बरोबर उलटं आहे. मागच्या भागाचा मधला आकडा ६.९ धरला तर त्यात आणि ४.१ मध्ये फरक २.८ चा दिसतो, पण हे मोजमाप लॉगॅरिदमचं आहे. हायड्रोजन आयनांच्या हिशेबात तो फरक सहाशे पटींहून जास्त होतो. एवढं आम्ल सोडायचं तर त्या जागी तसा पंप असलेल्या पेशी हव्यात, आणि पश्च आतडं ही त्यासाठी शेवटची जागा.

तुम्ही कदाचित नॉटिंगहॅम विद्यापीठातलं २०१३ सालचं काम वाचलं असेल. तिथे असेच पॉलिअॅक्रिलामाइडचे सेन्सर सी. एलेगन्स या सूक्ष्म कृमीला पाजले होते, आणि घशात सुमारे ६ असलेला सामू आतड्याच्या शेवटी सुमारे ३.६ पर्यंत उतरलेला दिसला. ते काम भक्कम आहे. पण तो कृमी आहे, बॅक्टेरिया भरडून खाणारा. डॅफ्निया हा कवचधारी प्राणी, पाणी गाळून शेवाळ खाणारा. एकाचा आकडा दुसऱ्याला आधार म्हणून लावता येत नाही. आणि त्या गटाने फ्लुरोसीन एकट्यावर भागवलं नव्हतं, या मुद्द्याकडे मी पुढे येतो.

माझा पहिला संशय शेवाळावर आहे. तुम्ही क्लोरेला खायला घालता असं लिहिलं आहे. डॅफ्नियाचं पोट भरलेलं असलं की मागच्या टोकाकडे ते हिरवं अन्न दाबून बसलेलं असतं, जवळजवळ लगदाच. आता दोन गोष्टी एकदम होतात. पहिली: शेवाळातलं क्लोरोफिल-बी आणि कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं निळा उजेड शोषतात, अगदी तुमच्या ४८८ नॅनोमीटरच्या लेसरपर्यंत. म्हणजे लगद्यात गाडल्या गेलेल्या सेन्सरच्या फ्लुरोसीनला पुरेसा उजेड पोचतच नाही आणि हिरवं कमी चमकतं. दुसरी: क्लोरोफिल स्वतः ६८० नॅनोमीटरच्या आसपास लाल चमकतं, अर्धवट पचल्यावरही चमकतं. तुम्ही टॅम्राचा उजेड ५७० च्या पुढचा सगळा घेणाऱ्या लाँगपास फिल्टरने गोळा केला आहे, त्यामुळे ती लाली टॅम्राच्या खात्यात जमा झाली. हिरवं घटलं आणि लाल वाढलं. हिरवं भागिले लाल हे गुणोत्तर दोन्ही बाजूंनी खाली आलं, आणि खाली येणं म्हणजे तुमच्या तक्त्यात आम्ल. जिथे शेवाळ सर्वांत दाट, तिथे सामू सर्वांत कमी. तुमच्या प्रतिमेत नेमकं हेच घडलेलं दिसतं.

हे तपासायला एक सकाळ पुरे. सेन्सर अजिबात न दिलेली, फक्त शेवाळ खाल्लेली पिल्लं घ्या आणि त्याच लेसरच्या जोरावर, त्याच गेनवर (उजेडाचा संकेत किती पटींनी वाढवायचा ते), त्याच दोन चॅनेलांत प्रतिमा घ्या. तुमच्या सेन्सरवाल्या प्रतिमेच्या तुलनेत लाल चॅनेलमध्ये आतड्याचा माग नगण्य असायला हवा. तो ठळक दिसला तर उत्तर तिथेच मिळालं. मग टॅम्रासाठी ५७० ते ६२० एवढीच खिडकी ठेवा आणि खाणं बदला. मी मोजमापाच्या आधी पिल्लांना दोन-तीन तास बेकरीचं यीस्ट देतो. नुसतं स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवून आतडं रिकामं होत नाही, ही गोष्ट नवीन माणसाला चकवते. आतड्याची आकुंचनं अन्न पुढे ढकलतात खरी, पण शेवटचा लगदा बाहेर पडायला मागून येणाऱ्या नव्या अन्नाचा रेटा लागतो. म्हणून शेवाळ काढायचं तर दुसरं काहीतरी खायला द्यावं लागतं. यीस्टही हिरव्यात थोडं चमकतं. त्याचीही सेन्सरविना प्रतिमा घ्या आणि ती वजा करा.

एकदा हे डोळ्यांनी नीट बघा, लेसर बंद ठेवून, साध्या उजेडात. काचपट्टीवर आडवं पडलेलं पिल्लू, मिलिमीटरभरसुद्धा नाही. पाठीजवळ हृदय इतकं भराभर उडतं की ठोके मोजायला कॅमेरा लागतो. मधून आतड्याची वाकडी नळी जाते, पुढे फिकट, मागे गडद. पाच-दहा मिनिटं शांत बसलात तर मागच्या टोकाला गुदद्वार उघडताना आणि मिटताना दिसेल, आणि लक्षात येईल की नुसतं बाहेर टाकणं चाललेलं नाही: पाणी आतही घेतलं जातं आहे. कवचधारी प्राणी तोंडाने आणि गुदद्वारानेही पाणी पितात, हे १९५२ सालीच नोंदवलं गेलं आहे. तुमच्यासाठी याचा अर्थ असा की पश्च आतड्यातले काही सेन्सर कदाचित तोंडावाटे आलेलेच नाहीत, ते मागच्या दाराने शिरलेले आहेत आणि भोवतालच्या पाण्यात भिजलेले आहेत. सेन्सर पाजून झाल्यावर पिल्लं तीन वेळा स्वच्छ माध्यमात धुवा आणि मोजमापही सेन्सर नसलेल्या पाण्यातच करा.

हा पारदर्शकपणाच डॅफ्नियाचं मोठं देणं आहे. रशियन शास्त्रज्ञ मेचनिकोव्हने १८८४ साली याच प्राण्याच्या अंगात यीस्टचे सुईसारखे बीजाणू आतड्याची भिंत भेदून बाहेर येताना आणि रक्तपेशी त्यांच्यावर तुटून पडताना पाहिल्या. कापाकापी न करता जिवंत शरीरात काय चाललं आहे ते बघता येतं, म्हणूनच आपणही इथे आहोत.

आता फ्लुरोसीन. त्याचा पीकेए साधारण ६.४. सोप्या हिशेबाने, सामू ६.४ ला त्याचे निम्मे रेणू चमकणाऱ्या रूपात असतात, ६.५ ला सुमारे ५६ टक्के. म्हणजे एक दशांश सामूला जवळपास सहा टक्क्यांचा फरक, जो आरामात पकडता येतो. पण ४.४ ला चमकणारा वाटा एक टक्का उरतो आणि ४.९ ला तीन टक्के. अर्ध्या सामूचा सगळा फरक दोन टक्क्यांत! पार्श्वभूमीच्या उजेडाची वजाबाकी जराशी जरी चुकली तरी तुमचा सामू अर्ध्याने सरकतो. त्यामुळे फ्लुरोसीनवाला सेन्सर ५.४ ते ७.४ या पट्ट्यात विश्वासाचा. त्याखाली तो फक्त ‘खूप आम्ल’ एवढंच सांगू शकतो. ४.१ हा दशांशातला आकडा त्याच्या तोंडी घालणं बरोबर नाही. नॉटिंगहॅमच्या लोकांनी याच कारणाने एकाच कणात फ्लुरोसीनबरोबर ऑरेगॉन ग्रीन बसवला. त्याचा पीकेए ४.७ च्या आसपास, त्यामुळे एकाचा वक्र जिथे सपाट होतो तिथे दुसऱ्याचा चढ सुरू होतो. तुम्हाला खरंच ५ च्या खालचं काही म्हणायचं असेल तर तसा सेन्सर बनवा.

वक्र, म्हणजे कोणत्या सामूला किती गुणोत्तर येतं त्याचा आलेख, काढताना बफर (सामू ठरावीक ठेवणारं द्रावण) कोणता घेतला तेही बघा. मॅकइल्वेनचा सायट्रेट-फॉस्फेट बफर सोयीचा आहे, २.६ ते ७.६ एका दमात मिळतो. पण त्यात क्षार भरपूर, आणि डॅफ्नियाच्या पाण्यात अगदी थोडे. तुमचे कण धनभारित आहेत. धनभारित जेल हायड्रोजन आयनांना दूर ठेवतं आणि क्षार जितके कमी तितका हा परिणाम जास्त. त्यामुळे त्याच सामूला दाट बफरमध्ये एक गुणोत्तर आणि पातळ बफरमध्ये दुसरं येऊ शकतं. दोन्ही टोकांना वक्र काढा आणि त्यांतलं अंतर तुमच्या चुकीच्या पट्ट्यात धरा. वक्र काढण्याचं काम मोजमापाच्या दिवशीच, त्याच मायक्रोस्कोपवर, त्याच लेसरच्या जोरावर झालं पाहिजे. मागच्या महिन्यातला वक्र चालणार नाही.

यापुढे मी जे सांगतो ते फार कमी लोक करतात, आणि माझ्या मते हेच सर्वांत महत्त्वाचं आहे. आमच्याकडे आम्ही त्याला साक्षी सेन्सर म्हणतो. तोच कण, तोच आकार, तोच भार, तोच टॅम्रा. फक्त फ्लुरोसीनच्या जागी अॅलेक्सा फ्लुअर ४८८, ज्याची हिरवी चमक सामू ४ ते १० मध्ये बदलत नाही. हा सेन्सर पाजलेल्या प्राण्यात गुणोत्तर आतड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं यायला हवं. नाही आलं, तर तो उतार सामूचा नाही. तो उजेडाचा आहे: शेवाळाने खाल्लेला, खोलीवर विखुरलेला, किंवा रक्ताने गिळलेला. रक्ताचंही सांगतो. टाकीत प्राणवायू कमी पडला की डॅफ्निया हिमोग्लोबिन बनवतो आणि अंगाने तांबूस होतो. ते हिमोग्लोबिन ५४० आणि ५७७ नॅनोमीटरपाशी उजेड शोषतं, म्हणजे बरोबर टॅम्राच्या वाटेत. लाल घटतं, गुणोत्तर चढतं आणि आतडं आहे त्यापेक्षा अल्कधर्मी दिसतं. गर्दीच्या टाकीतले तांबूस प्राणी आणि हवेशीर टाकीतले फिकट प्राणी एकाच प्रयोगात मिसळले तर तुम्हाला ‘दोन गट’ सापडतील आणि त्यांचा सामूशी काही संबंध नसेल.

साक्षी सेन्सरने काढलेल्या गुणोत्तराने मग खऱ्या सेन्सरची प्रतिमा दुरुस्त करता येते. त्यावर आणखी एक ताळा: मोजमाप झालेल्या काही प्राण्यांचं आतडं बारीक सुयांनी अलगद बाहेर काढा, दोन-तीन ठिकाणी चिरा, आणि तुकडे ५, ६, ७ अशा सामूच्या बफरमध्ये अर्धा तास ठेवा. गुणोत्तर स्थिरावलं की प्राण्याबाहेर, नुसत्या बफरमध्ये काढलेल्या तुमच्या वक्राशी ताडून बघा. जुळलं, तर तो वक्र तुम्ही प्राण्याला लावायला मोकळ्या आहात. जुळलं नाही, तर या आतड्यातल्या वक्रावरूनच सामू काढा.

प्राणी स्थिर कसा धरलात, हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून विचारतो: सोडा तर वापरला नाही ना? कार्बोनेटेड पाण्याने डॅफ्निया मिनिटभरात निपचित पडतो, शाळेच्या प्रयोगांतही ही युक्ती सांगतात. माझ्या पहिल्या वर्षी मी तेच केलं. तीन आठवड्यांच्या प्रतिमा सुंदर आल्या, एकही हललेली नाही, आणि सगळीकडे आम्ल. डोक्याजवळच्या पिशव्यांपासून टोकापर्यंत सगळं सारखंच आम्ल. जिवंत आतड्यात कुठेतरी चढउतार असायला हवा, तो गायब होता. कार्बन डायऑक्साइड अंगात शिरून सगळं आम्ल करत होता, आणि मी आतड्याऐवजी सोडा मोजत होतो. तो सगळा डेटा बाजूला ठेवावा लागला. ट्रायकेन हे भुलीचं औषध वापरत असाल तर तेही बायकार्बोनेटने उदासीन करून घ्या, कारण नुसतं विरघळवलं तर त्याचंही द्रावण आम्ल होतं. मी आता औषध वापरतच नाही. कव्हरस्लिपवर व्हॅसलीनचा कणभर ठिपका लावायचा आणि त्याला पिल्लाची पाठ टेकवायची. पाय मोकळे राहतात, गाळणं चालू राहतं, आतडं आपल्या गतीने चालतं. थोडं हलतं, पण दोन्ही चॅनेल ओळीगणिक आलटून-पालटून घेतले तर चालून जातं. एक चॅनेल पूर्ण घेऊन मग दुसरा घेऊ नका. मधल्या काळात आतडं सरकलेलं असतं आणि कडेला खोट्या सामूची झालर दिसते.

बाकीचं भराभर. सेन्सर धुतल्यावर निघालेलं शेवटचं पाणी फ्लुरोमीटरमध्ये (चमक मोजणाऱ्या यंत्रात) घाला. ते चमकत असेल तर सुटा रंग अजून आहे आणि तो पेशींत शिरून तिथला सामू सांगेल. चाळीस-पन्नास नॅनोमीटरचे कण डॅफ्नियाच्या कठीण पाण्यात गोळा होतात आणि शेवाळालाही चिकटतात, म्हणून ते तोंडात जातात. नाहीतर गाळणीच्या जाळीपेक्षा ते कितीतरी लहान आहेत. पाजण्याआधी आणि नंतर त्यांचा आकार मोजून ठेवा. धनभारित कण डॅफ्नियाला त्रासदायक ठरू शकतात, तेव्हा रंग न बसवलेले तसेच कण दिलेला एक गट ४८ तास ठेवा आणि किती पिल्लं पोहायची थांबतात ते बघा, ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२ क्रमांकाच्या चाचणीत बघतात तसं. आजारी प्राण्याचा सामू निरोगी म्हणून छापला जाऊ नये. डिटेक्टर कुठे भरून वाहतोय का, म्हणजे उजेड त्याच्या कमाल मर्यादेपलीकडे गेलाय का, ते पिक्सेलवार तपासा. भरलेल्या पिक्सेलाचं गुणोत्तर काढण्यात अर्थ नाही.

इतका खटाटोप कशासाठी, असं तुमच्या मैत्रिणी विचारतील. झिंक ऑक्साइडचा कण घ्या. उदासीन पाण्यात तो हळूहळू विरघळतो, आम्लात भराभर. पाणपिसूच्या पोटात तो कण राहतो की सुटं जस्त होतं, विष कणाचं की धातूचं, हे सगळं त्या नळीतल्या सामूवर ठरतं. ४.१ आणि ६.९ यांतली उत्तरं अगदी वेगळी येतील आणि कोणीतरी तुमच्या आकड्यावर पुढचं गणित मांडेल. डासांच्या अळीचं उदाहरण तर आपल्या दारातलं. तिच्या आतड्याचा पुढचा भाग सामू १० च्या वर जातो. बीटीआय या जिवाणूचे प्रथिनांचे स्फटिक त्या अल्कधर्मी रसात विरघळतात, मग त्यांचं विष तयार होतं आणि अळी मरते. १९९० च्या दशकात गोव्यात मलेरियाचा डास अॅनॉफिलिस स्टिफेन्सायच्या अळ्यांविरुद्ध बीटीआय वापरून पाहिलं गेलं, ते याच रसायनाच्या भरवशावर. तुम्हाला पुढे अळ्यांवर काम करायचं असेल तर फ्लुरोसीन किंवा ऑरेगॉन ग्रीन तिथे आंधळे आहेत, दोघेही कमाल चमकून बसतील. त्यासाठी अल्कधर्मी पट्ट्यातला रंग शोधावा लागेल.

तेव्हा क्रम असा ठेवा. या आठवड्यात सेन्सरविना शेवाळ आणि सेन्सरविना यीस्ट. फिल्टर ५७० ते ६२०. मग साक्षी सेन्सर बनवा. फ्लुरोसीनवाला बनवलात तर हाही जमेल, रंग सोडून कृती तीच. माझा अंदाज आहे की मागच्या टोकाचा ४.१ सरकून ६.५ च्या वर जाईल. नाही सरकला, यीस्टवर, अरुंद फिल्टरवर, साक्षी सेन्सरने दुरुस्त करूनही पाचच्या खालीच राहिला, तर मला पुन्हा लिहा आणि कच्च्या प्रतिमा जोडा. मग गाईडना मीच सांगेन की मुलीने नवीन काहीतरी पकडलं आहे.